उल्हासकाठची कामे: रूळ, यंत्र आणि पाणी

कल्याणहून कर्जतकडे जाणारा रेल्वेमार्ग उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे ओलांडून जातो. मार्गापासून जवळच उल्हास नदी वाहते. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या जवळपास होती. बदलापूर त्याआधीच्या दहा वर्षांत अठ्ठ्याण्णव हजारांवरून इथवर आले होते. इतक्या लहान पट्ट्यात गेल्या सुमारे एकशे सत्तर वर्षांत वाफेचे इंजिन, आगपेटीचा कारखाना, कृत्रिम रेशीम, तोफखान्याची यंत्रे, जीन्सची शिलाई, संगणकावर चालणारे लेथ आणि मोबाइलवरून वाटली जाणारी कामे एकामागून एक आली. आधीचे पुरते संपण्यापूर्वीच पुढचे सुरू झाले. त्यामुळे नव्या तंत्रज्ञानाने काम आणि समाज कसा बदलतो, हा प्रश्न येथे भविष्याविषयीचा अंदाज म्हणून मांडण्याची गरज नाही. त्याची बरीच उत्तरे येथील गल्ल्यांत, नाल्यांत आणि लोकलच्या डब्यांत मिळतात. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्र काय करू शकते हे अभियंता सांगतो, पण त्या यंत्राचा फायदा कोणाला मिळेल आणि तोटा कोणाच्या अंगावर पडेल, हे कर, कायदा, पाणी, जमीन आणि गाडीचे वेळापत्रक ठरवते.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ मध्ये बदलापूर, नेरळमार्गे खोपोलीपर्यंत गेले. बोरघाट चढून पुण्याकडे जाणाऱ्या इंजिनांना कल्याणला पाणी भरावे लागे. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने अंबरनाथजवळ काकोळे येथे धरण बांधले. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर आला, त्यासाठी कल्याणजवळ चोळे येथे रेल्वेचे स्वतःचे वीजकेंद्र उभे राहिले. कोळसा टाकणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांची गरज टप्प्याटप्प्याने संपली. काकोळ्याचे धरण मात्र राहिले आणि आता त्याच्या पाण्यावर रेल्वेचा ‘रेल नीर’ हा बाटलीबंद पाण्याचा प्रकल्प चालतो. एका तंत्रासाठी केलेली बांधणी दुसऱ्याच तंत्राच्या उपयोगी पडते, हे या पट्ट्यात अनेकदा घडले आहे. कामगाराच्या हातातले कौशल्य तसे सहज दुसरीकडे लावता येत नाही, हेही तितकेच खरे.

पहिल्या महायुद्धानंतर अंबरनाथला कारखाने आले. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत बनवायला सुरुवात केली. भारतातील रासायनिक खतांच्या इतिहासात तिचे नाव अगदी आरंभी येते. त्याच सुमारास वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली विम्को, आली. तिच्यामागे स्वीडिश भांडवल आणि स्वीडिश यंत्रे होती. सरकारने १९२२ मध्ये आयात आगपेट्यांवर जबर जकात लावल्यावर बाहेरून माल आणण्यापेक्षा येथेच कारखाना काढणे स्वीडिश कंपनीला परवडू लागले. लाकडाच्या काड्या पाडणे, त्यांची टोके रसायनात बुडवणे, वाळवणे आणि पेट्यांत भरणे ही सारी कामे यंत्रावर होत.

विम्कोची पुढची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती यंत्राविषयीच्या प्रचलित समजुतीच्या उलट जाते. यंत्र आले की हाताचे काम संपते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आगपेटीत तसे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने उत्पादनशुल्काचे दर असे ठेवले की यंत्रावर बनलेल्या आगपेटीवर जास्त आणि तामिळनाडूतल्या शिवकाशी-सात्तूर भागात हाताने भरलेल्या आगपेटीवर कमी कर बसे. हजारो घरांना रोजगार मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. परिणामी यंत्रावर चालणाऱ्या आगपेटी कारखान्यांना वाढण्याची जागा उरली नाही आणि बाजाराचा मोठा भाग हातकामाच्या वाट्याला गेला. त्या हातकामात लहान मुलांचे श्रम होते, ही त्याची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. अंबरनाथचा कारखाना अखेर बंद झाला आणि आज ‘विम्को नाका’ हे नाव तेवढे वापरात आहे. कर आकारणीच्या एका तक्त्याने अंबरनाथची पाळी कमी केली आणि तामिळनाडूतली वाढवली. यंत्रमानव किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता किती नोकऱ्या खाईल याचे आकडे मांडताना हा इतिहास आठवला जात नाही, पण तो आठवायला हवा.

स्वातंत्र्यानंतर दोन वेगळ्या प्रकारचे उद्योग शेजारीशेजारी वाढले. एकीकडे मोठे कारखाने होते. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, शहाडला पन्नाशीच्या दशकात सेंच्युरी रेयॉन. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. पुढे मोरिवली, आनंदनगर, बदलापूर असे एमआयडीसीचे भाग तयार झाले आणि त्यांना पाणी पुरवण्यासाठी बदलापूरजवळ बारवी धरण बांधले गेले. या कारखान्यांत भोंगा, पाळ्या, हजेरीपत्रक, युनियन, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीचे ठरलेले वय होते. फिटर, टर्नर, मिलर, वेल्डर ही पदे म्हणजे लग्नाच्या बाजारात पत असलेली पदे होती.

दुसरीकडे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या पाच छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि नदीच्या नावावरून तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘पाच’ ही भाषा आजही पत्त्यांत चालते. येथे मोठ्या कारखान्याची वाट पाहण्याइतका वेळ लोकांकडे नव्हता. बराकीच्या एका खोलीत पापड लाटणे, दुसऱ्या खोलीत शिलाई, ओट्यावर दुकान असे काम सुरू झाले. त्याला अभियांत्रिकीने हात दिला तो छोट्या विजेच्या मोटारीच्या रूपाने. पूर्वी एकाच मोठ्या इंजिनावर पट्ट्यांनी फिरणारा शाफ्ट आणि त्याभोवती कारखाना लागे. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळताच कारखाना खोलीत मावू लागला. उल्हासनगरचे फर्निचर, प्लास्टिक, बॅटऱ्या, खाद्यपदार्थ आणि कपडे यांचा उद्योग या छोट्या मोटारीवर उभा आहे. त्याने निर्वासितांची एक पिढी कोणाची नोकरी न करता वर आणली. हे यश मोठे आहे आणि औद्योगिक इतिहासात त्याला मिळते त्याहून मोठी जागा त्याला मिळायला हवी.

कॅम्प पाचच्या परिसरातल्या जीन्सच्या धंद्यावरून या यशाची दुसरी बाजू दिसते. कटिंग मास्तर एकावर एक रचलेले कापडाचे थर विजेच्या कटरने कापतो. कारागीर पीसच्या दराने शिवतात. बरेच कारागीर उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले असतात आणि कारखान्यातच झोपतात. शिवलेल्या पँटला जुनाट, फिकट रूप देण्यासाठी ती प्युमिस दगड, विकर, ब्लीच अशा पदार्थांसह धुवावी लागते. या धुलाईला भरपूर पाणी लागते आणि निळे, रसायनयुक्त सांडपाणी बाहेर पडते. ते वालधुनी नदीत जाई. हीच वालधुनी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या पायाशी वाहते. रसायनांचे टँकर रात्री तिच्यात रिकामे करण्याचे प्रकारही झाले. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस अशा टाकलेल्या रसायनातून विषारी वायू निघाला आणि उल्हासनगरमधील दोनशेच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना मोठा दंड केला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर त्यानंतर बंदीची कारवाई झाली.

यावर तांत्रिक उपाय आहे. लेझर किरणाने कापडावरचा रंग हवा तेथे, हवा तितका फिका करता येतो. ओझोन वायूने रंग उडवला तर पाणी फारच थोडे लागते. जगातल्या मोठ्या जीन्स उत्पादकांनी हे मार्ग धरले आहेत. परंतु एका लेझर यंत्राची किंमत आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार दहा-पंधरा माणसांच्या धुलाईखान्याला झेपत नाही. कागदपत्र अपुरे म्हणून बँक कर्जही देत नाही. धुलाई बंद झाली तेव्हा काम स्वच्छ होण्याऐवजी बरेचसे आजूबाजूच्या गावांकडे सरकले, आणि शिलाईचे काम धुलाईमागे गेल्याने कारागिराला नवी खोली शोधावी लागली. अनेक छोट्या धंद्यांनी मिळून एक सामाईक लेझर केंद्र किंवा सामाईक प्रक्रिया केंद्र चालवणे हाच येथे चालण्याजोगा मार्ग दिसतो. स्वच्छ तंत्र बाजारात आहे एवढ्याने नदी स्वच्छ होत नाही. ते लहान धंद्याच्या आवाक्यात आणण्याची सोय आधी करावी लागते.

मोठ्या कारखान्यांतला बदल शांतपणे झाला, पण तो कमी खोल नाही. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि आयुध निर्माणीसारख्या ठिकाणी घडलेला जुना टर्नर यंत्राच्या आवाजावरून आणि छिलक्याच्या रंगावरून हत्यार बोथट झाल्याचे ओळखत असे. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर तो निर्णय प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो. ड्रॉइंग संगणकात, हत्याराचा मार्ग संगणकात, मोजमापही अनेकदा यंत्रावरच बसवलेल्या प्रोबने. त्यामुळे एका टर्नरच्या जागी दोन वेगळी माणसे आली. एक प्रोग्रॅमर किंवा सेटर, ज्याला कामाचा क्रम, हत्यारे आणि सहनमर्यादा कळतात. दुसरा ऑपरेटर, जो जॉब बसवतो, दार बंद करतो, हिरवे बटण दाबतो आणि काही मिनिटांनी तयार भाग काढतो. पहिल्याचे मोल वाढले, दुसऱ्याचे घटले. दुसरी जागा बहुतेक कारखान्यांत ठेकेदारामार्फत भरली जाते आणि ती काही दिवसांत शिकता येत असल्याने ती भरणाऱ्याला मोलभावाची ताकद उरत नाही. अंबरनाथच्या सरकारी आयटीआयमधून बाहेर पडणारा मुलगा या दोघांपैकी कोणत्या जागी जाईल, हे त्याच्या वर्गात हाताळायला मिळालेल्या यंत्रावर बरेचसे अवलंबून असते. हाताच्या लेथवर पाया पक्का करून मग सीएनसी शिकलेला मुलगा पुढे सेटर होऊ शकतो. फक्त बटणे शिकलेला तेथेच अडकतो. प्रशिक्षणात हाताचा लेथ कालबाह्य म्हणून काढून टाकण्याची घाई म्हणूनच चुकीची आहे.

आयुध निर्माणींच्या बाबतीत मालकीचे रूपही बदलले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून त्याच्या कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. शेजारच्या दोन कारखान्यांचे मालक त्या दिवसापासून वेगळे झाले. कामगार संघटनांचा विरोध होता, आणि त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपावर निर्बंध आणणारा कायदा संसदेने केला.

रासायनिक कारखान्यांत नियंत्रण कक्ष, संवेदक आणि आपोआप बंद होणाऱ्या झडपा यांनी काम सुरक्षित व्हायला हवे, आणि नीट देखभाल असेल तेथे ते होतेही. पण शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी झालेल्या भीषण स्फोटांनी कारखान्याच्या भिंतीबाहेरची घरेही हादरली, काचा दूरवर फुटल्या. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीलगतही आता इमारती आल्या आहेत. संवेदक धोका दाखवतो. तो पाहून रिॲक्टर थंड करणारा माणूस अनुभवी आहे की काल ठेकेदाराने आणलेला, हे संवेदकाला ठरवता येत नाही.

बदलापूरच्या बहुतेक घरांचे काम मात्र बदलापुरात नाहीच. मुंबईत घर परवडेना तेव्हा क्लार्क, परिचारिका, शिक्षक, दुकानातले नोकर, बँकेतले कर्मचारी इकडे आले. मुंबईतली नोकरी आणि बदलापूरचा फ्लॅट यांना जोडणारी लोकल हाच त्यांच्या आयुष्याचा आधार आहे. कोरोनाच्या साथीमुळे २०२० च्या मार्चअखेर ती सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली आणि १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत सर्वांसाठी खुली झाली नाही. नंतरही दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लशीचे दोन डोस घेतलेल्यांना प्रवेश मिळाला. त्या काळात घरून काम करणे हे तंत्रज्ञानाने दिलेले वरदान म्हणून गौरवले गेले. ज्यांचे काम संगणकावर होते त्यांच्यासाठी ते खरेच वरदान होते, रोजचे तीन-चार तास वाचले. पण एका खोलीच्या घरात दोन मुलांची ऑनलाइन शाळा आणि आईची ऑफिसची बैठक एकाच मोबाइलच्या डेटावर चालवणे सोपे नव्हते. परिचारिका, सफाई कामगार आणि दुकानातले नोकर यांना तर तो पर्यायच नव्हता. एसटी बसने तासन्‌तास प्रवास करणाऱ्यांच्या रांगा त्यांच्याच होत्या.

गाडीतील तांत्रिक सुधारणाही कोणासाठी आहे हे विचारूनच तोलावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये काही साध्या फेऱ्या काढून त्यांच्या जागी वातानुकूलित लोकल सोडल्या, तेव्हा बदलापूर आणि कळवा येथे प्रवासी रूळांवर, फलाटांवर उतरले, आणि रेल्वेला वाढवलेल्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. विरोध थंड हवेला नव्हता. वेळ तीच, तिकीट कितीतरी पट, आणि ते न परवडणाऱ्याला पुढच्या गाडीच्या दारात लटकावे लागणार, हा त्यातला हिशेब होता. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी गाडीतून पडून मृत्युमुखी पडले, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर झाले. त्यासाठी दारांत झरोके, छतावरून हवा आणि डब्यांमधून जाण्याची वाट अशी रचना लागते, कारण बंद दारांच्या गच्च डब्यात हवा कोंडते. दार लावणे हा सोपा भाग आहे. गर्दी कमी करायला फेऱ्या आणि रूळ वाढवावे लागतात, आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचे काम त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

गेल्या दहा वर्षांत आणखी एक मालक आला आहे, त्याचे कार्यालय कोणी पाहिलेले नाही. खाद्यपदार्थ, किराणा, पार्सल पोचवणाऱ्या मुलाला काम मोबाइलवरचे ॲप देते. कोणती ऑर्डर कोणाला, किती पैशांत, किती मिनिटांत हे संगणकाचे सूत्र ठरवते. उशीर झाला तर गुण घटतात, गुण घटले तर ऑर्डर घटतात. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होण्याचा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांना प्रथमच स्वतंत्र ओळख मिळाली. उल्हासनगरच्या पीस दरावरच्या कारागिराचे आणि या मुलाचे काम मुळात एकाच जातीचे आहे. हजेरी नाही, पाळी नाही, जितके नग तितके पैसे. फरक इतकाच की कारागीर शेठशी दरासाठी भांडू शकतो. ॲपशी भांडायला समोर माणूस नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा फटका या पट्ट्यात कारखान्याआधी कार्यालयाला बसेल, असे दिसते. ऐरोली, महापे, अंधेरी येथील कार्यालयांत बिले नोंदवणे, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणे, कागदपत्रे तपासणे ही कामे येथून जाणारे हजारो तरुण करतात. उल्हासनगरच्या सीएचएम महाविद्यालयासारख्या ठिकाणी वाणिज्य शाखेतून पदवी घेणाऱ्याची पहिली नोकरी बहुधा अशीच असते. नेमके हे नवशिक्याचे काम यंत्र आता करू लागले आहे. अनुभवी माणसाची गरज राहील, पण नवशिक्या असल्याशिवाय कोणी अनुभवी होत नाही. ही पायरी निघून गेली तर तिच्या जागी उमेदवारीचा कोणता मार्ग ठेवायचा, हे महाविद्यालयांनी आणि कंपन्यांनी आताच ठरवायला हवे.

अभियांत्रिकीचा सर्वांत जवळचा परिणाम माणूस ज्या इमारतीत राहतो तिच्यावर होतो. उल्हासनगरमध्ये उच्च न्यायालयासमोर आलेल्या बेकायदा इमारतींची संख्या ८५५ होती. २००६ मध्ये राज्य सरकारने त्या नियमित करण्यासाठी अध्यादेश काढला. नव्वदच्या दशकात हलक्या प्रतीच्या रेतीने बांधलेल्या इमारतींचे स्लॅब पुढे कोसळू लागले आणि मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींत माणसे मेली. काँक्रीटची ताकद न तोडता तपासणारी साधने आज सहज मिळतात. पण तपासणीत इमारत धोकादायक ठरली तर राहायला जायचे कुठे, याचे उत्तर नसल्याने रहिवासी तपासणीच टाळतात.

बदलापूर पश्चिमेचा हेंद्रेपाडा नदीच्या बाजूला सखल भागात आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ च्या पुरांत या परिसरात पाणी शिरले. २०१९ च्या त्याच दिवशी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. आता पावसाळ्यात नदीची पातळी मीटरमध्ये सर्वांच्या मोबाइलवर फिरते. साडेसोळा मीटर म्हणजे इशारा, साडेसतरा म्हणजे धोका, हे आकडे हेंद्रेपाडा, वालिवली, रमेशवाडीतल्या लोकांना पाठ आहेत. तळमजल्यावरचे दुकानदार त्यावरून माल वर चढवतात, रिक्षावाले रिक्षा उंचावर नेऊन लावतात. मोजमापाच्या एका साध्या तंत्राने रोजच्या जगण्यात आणलेला हा खरा फायदा आहे. पूररेषांचे तसे झालेले नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग नकाशावर आखतो. पण जेथे घरे आधीच आहेत तेथे रेषा आखल्याने पाणी अडत नाही, उलट जुन्या इमारतीचा पुनर्विकास अडतो. तेथे राहणाऱ्यांसाठी उंचावर पर्यायी जागा किंवा मोकळ्या तळमजल्यावर इमारत बांधण्याची परवानगी हे प्रश्न पूररेषेच्या नकाशासोबतच सुटायला हवेत.

पुढच्या काही वर्षांत येणारे बांधकाम मोठे आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग माथेरानच्या डोंगराखालच्या जुळ्या बोगद्यांतून बदलापूरला नवी मुंबईशी आणि बंदराशी जोडेल. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली स्थानक होत आहे. कांजूरमार्गपासून बदलापूरपर्यंतची मेट्रो १४ प्रस्तावित आहे. भिवंडीचा अनुभव पाहता द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी गोदामे येतील आणि त्यांत स्कॅनर, सरकते पट्टे, माल वेगळा करणारी यंत्रे असतील. त्यांतल्या जागा पुन्हा दोन प्रकारच्या असतील, यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या थोड्या आणि माल उचलणाऱ्याच्या पुष्कळ. ज्या गावांच्या जमिनी रस्त्यात गेल्या तिथल्या मुलांना पहिल्या प्रकारच्या जागा मिळाव्यात, तर त्यासाठीचे आयटीआयमधील अभ्यासक्रम गोदाम उभे राहण्याच्या दोन वर्षे आधी सुरू झालेले असावे लागतात.